मणी निवडायचा ट्रे: काजूकतलीचा खोका, लग्नपत्रिका आणि एक न सापडलेला सोन्याचा मणी

उद्योगी_काकू | सोमवार, रात्री १०:१५

गेल्या आठवड्यात जाऊबाईंचं मंगळसूत्र घरीच गाठवायला घेतलं. पूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पटवेकरी बसायचे, तासाभरात काम करून द्यायचे. आता ते बसत नाहीत, आणि सराफाकडे टाकलं की चार दिवस विसरा. जाऊबाईंना शनिवारी लग्नाला जायचं होतं. म्हटलं, मी बारा महिने मण्यांची तोरणं आणि महिरपी करते, एवढं काय अवघड आहे! जुना दोरा कापला आणि सगळं स्टीलच्या ताटात ओतलं. तिथेच चुकलं. ताटात मणी म्हणजे फरशीवर मणी. एक टप्पा ताटात, दुसरा थेट सोफ्याखाली.

मग आधी ट्रे करायला बसले. दोनदा फसला, तिसऱ्यांदा जमला, म्हणून इथे हा चर्चेचा धागा.

पहिला ट्रे सगळे करतात तसाच केला. खोक्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून बारा खण. दिसायला फार सुरेख, कामाला शून्य. खणात बोट गेलं तर मणी दिसत नाही, मणी दिसला तर बोट जात नाही. आणि काम संपल्यावर बारा खणांतले मणी बारा डब्यांत भरायचे कसे? खोका तिरका केला की सगळे शेजारधर्म पाळायला एकमेकांकडे जातात. साठवायचा डबा वेगळा आणि निवडायचा ट्रे वेगळा, हे तेव्हा कळलं. निवडायच्या ट्रेला खण नकोत, तोंड हवं.

आता जमलेल्याची कृती. अर्ध्या किलोच्या काजूकतलीच्या खोक्याचं झाकण घेतलं, २१ बाय १५ सेंमी. कडा तीन सेंमी उंच होती, ती कापून दीड सेंमी केली, कारण सुई आडवी धरून मणी टिपायचा असतो आणि उंच कडेला मनगट अडतं. कापल्यावर कडा लेचीपेची झाली, म्हणून आतून पार्सलच्या खोक्याच्या पट्ट्या चिकटवून तिला आधार दिला.

तळाला जुन्या मखमली ब्लाऊजची पाठ. मखमलीवर हात फिरवून बघा, एका दिशेने गुळगुळीत लागते आणि उलट दिशेने खरखरीत. गुळगुळीत दिशा ज्या कोपऱ्याकडे जाते, तिथेच तोंड करायचं. मग बसलेले मणी जागचे हलत नाहीत, पण ओतायची वेळ आली की सुरसुरत जातात. दुसऱ्या ट्रेत मी हे उलटं केलं होतं. मणी बाहेर यायला तयारच नव्हते, टिचक्या मारून काढले.

तोंडासाठी एक कोपरा कापला आणि तिथे लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पन्हळ बसवली. (कुणाची पत्रिका ते सांगत नाही, संसार सुखाचा चालू आहे.) माझे मणी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांत असतात. त्यांचं तोंड जेमतेम सेंटिमीटरभर, म्हणून पन्हळीचं टोक आठ मिलिमीटर ठेवलं. काम करताना पन्हळीतून मणी निसटू नयेत म्हणून त्या कोपऱ्याखाली एक खोडरबर सारते. ट्रे मागे कलतो आणि मणी आपोआप मागे राहतात. ओतताना रबर काढून टाकायचं.

एवढं करूनही एक घोळ राहिलाच. मंगळसूत्रात सोन्याचे बारीक मणी बारा होते. जाऊबाईंसमोर मोजून घेतले होते. ओवायला बसले तर अकरा. घर पालथं घातलं. सध्या एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला सहा असं घालून त्या लग्नाला गेल्या. मोठ्या मनाच्या आहेत, काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागतं.

चिंचेचं_बुटुक | सोमवार, रात्री १०:४०

काकू, मस्तच! पण फोटो दिसत नाहीयेत.

काजूकतलीचं पुढे काय झालं ते लिहिलं नाहीत.

उद्योगी_काकू | सोमवार, रात्री १०:५२

फोटो उद्या लेकाकडून चढवून घेते. काजूकतलीचं जे व्हायचं तेच झालं.

सुपातले_चार | मंगळवार, सकाळी ७:०५

वाचताना हसू आलं, कारण काकू, तुम्ही सूपच बनवलंत की! तीन बाजूंनी कड, चौथी मोकळी, आणि मोकळ्या बाजूकडे हलका उतार. आमच्या आजीचं सगळं निवडणं सुपात चालायचं. तांदूळ, तूर, एवढंच काय, तुटलेल्या पोतीचे काळे मणीसुद्धा. सूप नुसतं पाखडायला नसतं. ते किंचित तिरकं धरून बोटांनी टकटक केलं की गोल दाणा आधी घरंगळतो, चपटा आणि फुटका मागे राहतो. मण्यांनाही हे लागू पडतं. वाकडे, चिकटलेले, अर्धे फुटलेले मणी मागे राहतात. तुमच्या ट्रेवर करून बघा, मात्र मखमलीवर नाही. त्यासाठी गुळगुळीत तळ हवा, पत्रिकेची आतली चकचकीत बाजू चालेल.

आणखी एक. बांबूच्या सुपाच्या फटींतून बारीक धान्य गळू नये म्हणून आजी ते शेणाने सारवायची. टोपल्यांना कागदाचा लगदा आणि मेथीचं वाटण लिंपायची. सुकलं की टणक होतं, मेथीमुळे चिकटपणा येतो आणि कडवटपणामुळे किडाही लागत नाही. ट्रेचे कोपरे बुजवायला हा लगदा फार छान. तळ आणि कड जिथे मिळतात तिथे बोटाने गोलाई द्यायची, म्हणजे मणी कोपऱ्यात अडकून बसत नाही.

मधली_सुट्टी | मंगळवार, सकाळी ९:३०

मी कालच रात्री करून पाहिला, बुटाच्या खोक्याच्या झाकणाचा. कापड चिकटवून झोपले, सकाळी उठून बघते तर ट्रेची होडी झालेली. मधला भाग खाली, कडा वर, सगळे मणी मध्ये गोळा. शिवाय फेविकॉल पातळ केल्यामुळे कापडातून वर आला. जिथे जिथे आला तिथे कडक पापुद्रा झालाय आणि त्या ठिपक्यांवरून मणी पळतात. कुठे चुकलं?

निवांत_नाना | मंगळवार, सकाळी १०:१०

चूक अशी की तुम्ही एकाच बाजूने चिकटवलंत. ओला डिंक वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. वही बांधणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, तो पुठ्ठ्याच्या एका अंगाला कापड लावलं की दुसऱ्या अंगाला कागद लावतोच, म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते. मी नोकरीत असताना जुन्या फायलींच्या बांधणीचं काम जवळून पाहिलंय. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचे, वाळवी आणि झुरळं लागू नयेत म्हणून. घरी मोरचूद वापरू नका, विषारी असतो.

तुमच्या होडीवर उपाय: उलटी करून मागच्या बाजूला वर्तमानपत्राचा कागद चिकटवा, वर चार जाड पुस्तकं ठेवा, रात्रभर हलवू नका. बऱ्यापैकी सरळ होईल.

डिंक कापडाला लावू नका, पुठ्ठ्याला लावा, तोही पातळ न करता. जुन्या एटीएम कार्डाने ओढून त्याचा पातळ थर करायचा, मिनिटभर थांबायचं, बोटाला नुसता चिकटतोय पण बोट ओलं होत नाही इतपत झालं की कापड वरून ठेवायचं. दाबायचं नाही, नुसता हात फिरवायचा.

दूरदेशी | मंगळवार, सकाळी ११:४५

इथे अमेरिकेत मण्यांचं काम करणाऱ्या बायका ट्रेत ब्लँकेटसारख्या मऊ फोमची चटई घालतात, ती विकतच मिळते. मी पैसे न घालवता जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून बसवला. मणी टप्पा खात नाही आणि सुई रुतत नाही. टॉवेल मात्र चुकूनही घालू नका. त्याच्या लूपमध्ये सुईचं टोक अडकतं आणि हिसका दिला की अर्धा ट्रे हवेत.

रंगाचं कुणी बोललं नाही, म्हणून सांगते. काळे मणी काळ्या मखमलीवर म्हणजे अमावास्येला म्हैस शोधणं. मी तळाचा तुकडा चिकटवतच नाही, नुसता घट्ट बसवते. एका अंगाला फिका करडा, दुसऱ्या अंगाला गडद हिरवा. मोती काढायचे असले की पलटायचा. पांढराशुभ्र तळ डोळ्यांना फार त्रास देतो, विशेषतः रात्री दिव्याखाली.

उद्योगी_काकू | मंगळवार, दुपारी १:२०

पलटायची कल्पना मी आजच उचलते. माझी मखमल बाटलीसारखी हिरवी आहे, काळे मणी त्यावर दुपारी दिसतात आणि संध्याकाळी दिसत नाहीत. मला वाटत होतं चष्म्याचा नंबर वाढला.

नाना, होडी माझ्या दुसऱ्या ट्रेचीही झाली होती. मी तिला नारळ फोडायच्या दगडाखाली ठेवलं होतं. दगडाने ती सरळ झाली नाही, फक्त चपटी होडी झाली.

सोल्डरदादा | मंगळवार, दुपारी ३:०५

माझा प्रांत वेगळा, पण दुखणं तेच. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे रेझिस्टर (सर्किटमधले रंगीत पट्ट्यांचे बारके भाग) आणतो, घरी पोचेपर्यंत पिशवीत सगळ्यांची भेळ होते. निवडायला अंड्यांचा ट्रे वापरतो, कागदी लगद्याचा, तीस खणांचा. पहिल्या दहा खणांना रंग दिलेत: काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, करडा आठ, पांढरा नऊ. रेझिस्टरवरच्या तिसऱ्या पट्ट्याचा रंग बघायचा (चार पट्ट्यांचा असेल तर), त्या रंगाच्या खणात टाकायचा. तिसरा पट्टा म्हणजे पुढे किती शून्यं. आधी ढोबळ वाटणी, मग एकेका खणाची बारीक वाटणी. भाजी निवडताना आधी पालक आणि मेथी वेगळी करतो, काड्या नंतर काढतो, तसंच.

लॅपटॉप उघडताना मात्र अंड्यांचा ट्रेही नको. एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या मागच्या बाजूचं चित्र काढा आणि जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर थेट बोर्डात घुसतो. मी एकदा केलंय. त्यावर जास्त बोलणार नाही.

काकू, एक शंका. त्या पार्सलच्या खोक्याच्या पट्ट्या तुम्ही कापल्या तेव्हा आतल्या लाटा, म्हणजे नळ्या, उभ्या ठेवल्या की आडव्या?

गोळीबंद | मंगळवार, सायंकाळी ६:३०

मी औषधाच्या दुकानात बसतो. आमच्याकडे सुट्या गोळ्या मोजायचा जुना त्रिकोणी ट्रे आहे, तिन्ही बाजू सारख्या. गोल गोळ्या ओतून हलवल्या की ओळी लागतात, पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन. शेवटच्या ओळीचा आकडा घ्या, त्याला पुढच्या आकड्याने गुणा, निम्मे करा. दहा ओळी भरल्या तर दहा गुणिले अकरा, एकशेदहा, निम्मे पंचावन्न. एकेक मोजायचं कामच नाही.

हे मण्यांना चालेल, मणी एकसारखे गोल असले तर. जपमाळेचं गणित बघा. चौदा ओळी म्हणजे १०५, वर तीन सुटे की १०८. आठ मिलिमीटरच्या स्फटिकाच्या मण्यांसाठी त्रिकोणाची आतली बाजू ११.८ सेंमी हवी. पत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या पुरतात. तळ सपाट आणि गुळगुळीत घ्या, मखमलीवर ओळी लागत नाहीत. रुद्राक्षांवर प्रयोग करू नका, ते वाकडेतिकडे असतात, भांडत बसतात.

दुकानातून आणखी एक सांगतो. घरात लहान मूल असेल तर ट्रे उचलून ठेवल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. मणी नाकात घालणारी मुलं दर काही महिन्यांनी दिसतात. स्क्रूसाठी कुणी ट्रेत लोहचुंबक लावणार असेल तर सुटे ठेवू नका, पक्के चिकटवा. दोन चुंबकं पोटात गेली की आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना धरतात आणि मधलं आतडं फाटू शकतं. त्याला घरगुती उपाय नाही, सरळ इस्पितळ गाठायचं.

चिंचेचं_बुटुक | मंगळवार, सायंकाळी ६:५५

चौदा ओळींचं गणित वाचून शाळेतल्या सरांची माफी मागावीशी वाटली.

मधली_सुट्टी | मंगळवार, सायंकाळी ७:४०

नाना, होडी सरळ झाली! पूर्ण नाही, पण मणी आता मध्ये गोळा होत नाहीत. सुपवाल्या ताईंच्या आजीची टकटकही केली, पत्रिकेच्या चकचकीत बाजूवर. अकरा नंबरचे बारीक मणी होते, दोन मिलिमीटरवाले. गोल मणी खरंच पुढे जातात, चिकटलेल्या जोड्या मागे राहतात. पाकिटात किती कचरा असतो ते आज पहिल्यांदा दिसलं.

निवांत_नाना | मंगळवार, रात्री ८:१५

उत्तम. मात्र या मण्यांच्या नंबराचं मला कधी झेपलेलं नाही. आठ नंबर मोठा आणि अकरा नंबर बारीक, हे कुठलं शास्त्र?

दूरदेशी | मंगळवार, रात्री ८:३०

नाना, सुईचंही तसंच की. दहा नंबरपेक्षा बारा नंबरची सुई बारीक. आकडा वाढला की जीव लहान होतो. अकरा नंबरचे मणी ग्रॅममध्ये शंभरएक बसतात. पन्नास ग्रॅमचं पाकीट सांडलं तर किती, तो हिशोब चिंचेचं_बुटुक यांनी सरांना विचारावा.

सांडल्यावरचा उपायही सांगून ठेवते. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडावर जुना मोजा ताणून रबरबँडने बांधायचा. मणी मोज्याला चिकटतात, आत जात नाहीत. ट्रेवर धरून बटण बंद केलं की खाली पडतात. एखादाच शोधायचा असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च फरशीवर आडवी ठेवायची. दोन मिलिमीटरच्या मण्याची सावली वीतभर लांब पडते.

उद्योगी_काकू | मंगळवार, रात्री ९:०५

टॉर्च सापडली, मणी नाही. सावल्या मात्र खूप सापडल्या: शेंगदाण्याचं साल, लेकाच्या पेनाची स्प्रिंग, आणि दिवाळीपासून हरवलेली माझी मोरणी! म्हणजे प्रयत्न अगदीच वाया गेला नाही.

सोल्डरदादा, तुमचा प्रश्न राहून गेला. नळ्या उभ्या आहेत, तशीच पट्टी सोपी कापली जात होती. का हो?

सोल्डरदादा | मंगळवार, रात्री ९:१२

नळ्यांची तोंडं वर उघडी आहेत की त्यावर काही चिकटवलंय?

उद्योगी_काकू | मंगळवार, रात्री ९:१५

उघडी. मखमल फक्त तळाला आहे. थांबा. थांबा, आलेच.

चिंचेचं_बुटुक | मंगळवार, रात्री ९:१६

मी जेवण थांबवलंय.

सुपातले_चार | मंगळवार, रात्री ९:२९

मीपण इथेच आहे.

उद्योगी_काकू | मंगळवार, रात्री ९:४८

सापडला!!

ट्रे रिकामा केला, कड खाली धरून ओट्यावर आपटली, काही नाही. मग एकेका नळीवर टॉर्च मारली. डावीकडच्या कडेला एक नळी इतरांपेक्षा अंधारी दिसली. त्यात सुई घातली तर खाली टणक लागलं. पट्टीच उखडून काढली, नळी बाजूने फाडली, तेव्हा आधी दोन काळे मणी पडले आणि त्यांच्याखालून सोन्याचा. काळ्यांनी वरून बूच मारलं होतं, म्हणून आपटून बाहेर येत नव्हता. ताटातून ट्रेत ओतताना कडेवरून गेला असणार. नळीचं तोंड तीन मिलिमीटर आणि मणी अडीच, जणू मापं घेऊन शिवलेली.

सोल्डरदादा, तुम्हाला कसं सुचलं?

सोल्डरदादा | मंगळवार, रात्री १०:०२

घड्याळाची स्प्रिंग. तीन वर्षं एका खोक्याच्या अशाच नळीत होती, आणि मी त्या खोक्यात ठेवलेल्या सुट्या भागांमध्ये तिला दर महिन्याला शोधत होतो. खोका रद्दीत देताना फाडला तेव्हा निघाली. घड्याळ त्याआधीच भंगारात गेलं होतं.

पट्ट्या काढू नका, पण वरून कागदी चिकटपट्टी दुमडून बसवा. तोंडं बंद व्हायला हवीत, दोन्हीकडची.

निवांत_नाना | मंगळवार, रात्री १०:१०

चिकटपट्टी दोन पावसाळ्यांत सुटते. पत्रिकेच्या कागदाची पट्टी दुमडून चिकटवा, कायमचं काम.

उद्योगी_काकू | बुधवार, सकाळी ८:३५

नानांचं ऐकलं. कडेला पत्रिकेच्या पट्ट्या, कोपऱ्यात मेथीचा लगदा (घरभर लोणच्यासारखा वास सुटलाय), तळ दूरदेशींसारखा पलटायचा. जाऊबाईंना फोन केला. म्हणाल्या, "सापडला ना, मग घाई नाही. पुन्हा सोडून गाठवायचं तर या वेळी वाट्यांजवळचे दोन मणी जरा मोठे घाल, आणि माझ्यासमोर मोजून." म्हणजे लागलं होतंच.

फोटो चढवतेय.

चिंचेचं_बुटुक | बुधवार, सकाळी ८:५०

काकू, फोटो अजूनही दिसत नाहीयेत.